गुरगुरू द्या त्याला

चौधरी सर कुत्र्यांसमोर जांभई द्यायचे. मुद्दाम, तोंड चांगलं मोठं उघडून आणि मान थोडी बाजूला वळवून. कॉलनीत नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, या गृहस्थांची रात्रीची झोप झालेली दिसत नाही. मलाही तसंच वाटलं होतं. जळगावहून असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची कॉलनी. तिथे राहायला आले त्याच आठवड्यात कुत्री माझ्या स्कूटीमागे लागली. गाडी टाकून पळायच्या बेतात मी असताना समोरच्या फाटकातून पायजमा-बनियनमधले एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. "पळू नका मॅडम. अंग तिरकं करून उभ्या राहा. त्यांच्या डोळ्यांत बघू नका, माझ्या तुळशीकडे बघा," असं म्हणून त्यांनी शांतपणे जांभई दिली. मी तुळशीकडे बघत राहिले. कुत्र्यांनी जरा वेळ जमीन हुंगल्यासारखं केलं आणि निघून गेली. "त्यांच्यातला पुढचा म्हणत होता, ही गल्ली माझी आहे. आपण म्हटलं, तुझीच आहे बाबा. संपला विषय," सर म्हणाले आणि दात घासायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तेच गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात माझ्या समोरच्या खुर्चीवर. ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी पदार्थविज्ञान. पदार्थाला मनातलं काही सांगायचं नसतं, हे माझ्या विषयातलं मोठं सुख. सरांच्या विषयात प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असायचं. नागाने फणा काढला, मोराने पिसारा उभारला, बोक्याने पाठीची कमान केली की सर म्हणायचे, "बघा, बोलला." प्राण्यांच्या या दाखवण्यावर त्यांचा इतका जीव होता की अभ्यासक्रमातला तेवढा एक धडा ते महिनाभर पुरवायचे आणि मग उरलेले धडे धावतपळत उरकायचे. प्राचार्य दरवर्षी त्यांना यावरून टोकत, आणि सर दरवर्षी मान डोलावत.

वर्गात ते स्वतःच नाग व्हायचे, स्वतःच बोका व्हायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलांना गावाबाहेरच्या खडकाळ माळावर नेऊन दगडावर बसलेला सरडा दाखवायचे. गळ्याखालचा निळा-नारिंगी पंखा तो फटकन उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. पलीकडच्या दगडावरचा दुसरा सरडा जरा वेळ बघायचा आणि उतरून चालू लागायचा. "झालं भांडण," सर म्हणायचे. "रक्ताचा थेंब नाही. दाखवणं म्हणजे मारामारी नव्हे रे, मारामारी नको म्हणून केलेली विनंती आहे ती." एकदा एका मुलीने विचारलं, की मग टिटवी पंख मोडल्याचं नाटक करून आपल्याला अंड्यांपासून लांब नेते, ती तर खोटंच बोलते ना? सर इतके खूश झाले की सगळ्या वर्गाला त्यांनी उसाचा रस पाजला. "खोटंच बोलते. पण कुणासाठी बोलते ते बघ," असं म्हणाले होते. ते सर गेले, त्याला आता वर्ष होऊन गेलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला शेठजी राहायचे. धान्याचे व्यापारी, घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते स्वतः जळगावातच जन्मलेले आणि वाढलेले. माणूस दिलदार. त्यांनी मोठ्या हौसेने एक कुत्रा पाळला. तो पाहुण्यांवर गुरगुरायचा. गुरगुरला की शेठजी चप्पल काढायचे. सर दोनतीनदा तरी त्यांना सांगून आले. "शेठजी, गुरगुरू द्या त्याला. तो तुम्हाला सांगतोय की मला भीती वाटते. सांगू द्या." शेठजी हसून म्हणायचे, "सर, गिऱ्हाईक घरी येतं आपलं. त्याच्यावर गुरगुरून कसं चालेल?" दोनेक महिन्यांत कुत्रा अगदी शांत झाला. शेठजी ज्याला त्याला कौतुकाने सांगायचे, "बघा, किती सभ्य झाला." सर तेवढे त्या फाटकावरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरू लागले.

मग एक दिवस शेठजी त्याला ताटली द्यायला वाकले आणि त्याने त्यांच्या मनगटाचा लचका तोडला. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत, काही नाही. हाताला टाके पडले. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, काही कारण नसताना चावला. सर गादीशेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "कारण असेल शेठजी. सूचना नव्हती. ती आपणच चपलेने बंद केली." आजाऱ्याला असं बोलतात का, म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, घरी आल्यावर त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हणजे तेही त्यांच्या पद्धतीने, आवाज न चढवता.

चौधरींच्या घरात कुणाचाच आवाज चढायचा नाही. आम्हां शेजाऱ्यांना त्याचं भारी कौतुक. माझ्या घरात भांडी आपटल्याचा आवाज चौथ्या घरापर्यंत जायचा, आणि मी माझ्या मुलांना सांगायची, ती हर्षू बघा, कधी उलट बोलते का? हर्षदा ही सरांची एकुलती एक. गोरटेली, हसरी, सांगाल ते ऐकणारी. तिचं लग्न धुळ्याला झालं. मुलाचं कृषी पंपांचं दुकान, घर स्वतःचं, माणसं बोलायला बरी. हर्षदा दर रविवारी फोन करायची. सगळं छान आहे म्हणायची. काकू मला सांगायच्या, "पोरगी रमली हो."

लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हाची गोष्ट. परीक्षेच्या कामासाठी सरांना आणि मला धुळ्याच्या एका कॉलेजात बोलावलं होतं. काम दुपारी आटोपलं, तशी सर म्हणाले, चला, हर्षूकडे चहा घेऊन जाऊ. आम्ही न कळवता गेलो. विहीणबाईंनी आगतस्वागत छान केलं. माझ्याशी त्या जरा जपून शुद्ध बोलत होत्या, पण सरांशी बोलताना त्यांची अहिराणी सुटली. "तुमनी पोर भलती गुनी शे, व्याही. बठ्ठं काम करस, एक शबद उलटा बोलत नही. आमले अशीच सून जोयजे व्हती." सगळं काम करते, उलट शब्द नाही, हे ऐकून मी कौतुकाने सरांकडे बघितलं. सर हसले नव्हते.

हर्षदा कपात चहा ओतत होती. तेवढ्यात जावई दुकानातून आले आणि मोटरसायकलची किल्ली त्यांनी टेबलावर टाकली. टाकली म्हणजे आपण सगळे टाकतो तशीच, फार तर जराशी जोरात. हर्षदाचा हात ओतता ओतता थांबला. ती दचकली नाही, तिने वळूनही बघितलं नाही. नुसती थांबली, श्वाससुद्धा थांबल्यासारखा. जावई हसून "अरे बाबा, कधी आलात?" म्हणाले, आणि मग तिचा हात पुन्हा चालू लागला. मला एवढंच दिसलं, आणि तेही सर कुठे बघतायत म्हणून मी बघितलं म्हणून. निघताना सरांनी तिला विचारलं, "काही त्रास नाही ना बेटा?" ती म्हणाली, "नाही बाबा. सगळं छान आहे."

परतीच्या एसटीने पारोळा मागे टाकलं. एरंडोलच्या अलीकडे सर म्हणाले, "मॅडम, भ्यायलेलं जनावर पळतं. पळता नाही आलं तर अंगावर येतं. दोन्ही जमणार नाही हे कळलं, की मग थिजतं. आज हर्षू थिजली." मी म्हटलं, "सर, माणसं म्हणजे सरडे नव्हेत. तुम्ही उगाच अर्थ काढताय." खरं तर मलाही ते खटकलं होतं, पण अशा वेळी शेजाऱ्याने जे बोलायचं असतं ते मी बोलले. सर म्हणाले, "थिजणं मला कळतं. पण त्याच्या आधीचं काहीच कसं नाही? फोनवर रडणं नाही, चिडणं नाही, सणाला आली तेव्हा आईजवळ कुरकुर नाही. आधीचं सगळं गेलं कुठे?"

त्याचं उत्तर त्यांनीच दिलं, आणि ते देताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत होते. हर्षदा लहानपणी भयंकर हट्टी होती. ताट सरकवायची, दार आपटायची, पाय आपटत अंगणात जायची. सर तिच्यावर कधी ओरडले नाहीत, हात तर कधीच उचलला नाही. ते फक्त तिच्याकडे पाठ फिरवायचे. पेपर वाचायचे, कुंड्यांना पाणी घालायचे, तिच्याशी सोडून सगळ्यांशी बोलायचे. ती येऊन "चुकलं बाबा" म्हणेपर्यंत. कधी एक दिवस जायचा, कधी जास्त. सहावी-सातवीत आली तोवर तिने दार आपटणं सोडून दिलं होतं. "कुत्र्यापुढे मान फिरवली तर तो म्हणतो, बरं, हा भांडायला आलेला नाही. पोरीला काय वाटलं असेल? मला वाटलं, शहाणी झाली," सर म्हणाले. "शेठजींकडे चप्पल होती. माझ्याकडे पाठ होती."

मला तेव्हा त्यांचा राग आला, हे सांगितलं पाहिजे. इतकी वर्षं साऱ्या गावाला फणे आणि पंखे समजावून सांगणारा हा माणूस, याला स्वतःच्या ओसरीवरचं दिसू नये? पण त्यांचा चेहरा बघून मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

पुढचे दिवस वाईट गेले. सर रोज धुळ्याला फोन करायचे आणि रोज "सगळं छान" ऐकायचे. काकूंना आधी पटलं नाही, मग पटलं तेव्हा त्या आजारीच पडल्या. पोरगी स्वतः काही म्हणत नाही, तर हात ओतता ओतता थांबला एवढ्यावर तिला घेऊन कसं यायचं, आणि जावयाला विचारायचं तरी काय? आणि विचारलं तर त्याचं उट्टं तिच्यावरच निघायचं, ही भीती वेगळी. शेवटी काकूच म्हणाल्या, "आखाजीले आना तिले. आखाजीले कोनी नही म्हनत नही."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खानदेशात तो लेकींचा सण. सासुरवाशीण माहेरी येते, झाडाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. भाऊ नसल्यामुळे सर स्वतः मुराळी होऊन तिला आणायला गेले. विहीणबाईंनी पाठवलं, पण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत सून घरी हवी, असं बजावून. हर्षदा आली ती छोटी बॅग घेऊन. काकूंनी तिला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, आडून आडून विचारलं. ती हसून विषय बदलायची. सणाच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. उद्या घाई नको म्हणून आजच भरली, म्हणाली.

सरांचं मूळ गाव नशिराबादच्या पलीकडे. सणाला सगळे तिथे जायचे, त्या वर्षी त्यांनी मलाही ओढून नेलं. त्या गावात आखाजीला अजून बार खेळतात. दुपार कलली की पूजेची गौराई घेऊन बायका नाल्यावर जातात. नाल्याच्या अलीकडे या गावच्या, पलीकडे त्या गावच्या. आणि मग दोन्हीकडून मनसोक्त शिव्या. वर्षभर तोंडात पदर धरून बसणाऱ्या बायका त्या दिवशी कंबरेवर हात ठेवून असं काही बोलतात की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. कुणी कुणाला हात लावत नाही. पूर्वी ढेकळंही फेकायच्या, आता तेवढं बंद झालंय. सूर्य बुडाला की दोन्हीकडच्या एकमेकींची चौकशी करत घरी जातात. पुरुषांनी तिथे थांबायचं नसतं, ते पत्ते कुटत बसतात. पण सर गौराईची टोपली उचलायच्या निमित्ताने मागे बाभळीखाली उभे राहिले, आणि कुणी काही म्हटलं नाही.

सरांची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, ती पुढे. वय झालेलं, पण घसा खणखणीत. "ओ पल्याडच्या, तुमच्या गावच्या बायाईले पोया करता येत नहीत, नुसतं खापर फोडता येते," इथून तिने सुरुवात केली आणि पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. पलीकडून तोडीस तोड आलं. बायका हसत होत्या, ओरडत होत्या. मीसुद्धा एकदोन शिव्या देऊन घेतल्या, पदार्थविज्ञानाला न शोभणाऱ्या. हर्षदा गप्प उभी होती. अक्काने तिला पुढे ढकललं. "बोल वं पोरी. आज बोलाचा दिवस शे. कोनीबी राग नही धरत."

हर्षदाने तोंड उघडलं, मिटलं. पलीकडची एक बाई ओरडली, "मुकी आनली का वं?" सगळ्या हसल्या. तेव्हा हर्षदा वळली. नाल्याकडे पाठ करून ती बाभळीकडे वळली आणि जो आवाज तिच्यातून निघाला तो मी तिला ओळखते त्या इतक्या वर्षांत ऐकलेला नव्हता. "तुमाले बठ्ठ्या जनावराईचं समजते बाबा. माह्यंच काऊन नही समजलं?"

मग ती थांबेना. तो मारतो, म्हणाली. किल्ली टाकण्याच्या आवाजावरून त्या दिवशी काय होणार ते तिला कळायचं. सासू आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. पहिल्या वर्षी एकदा फोनवर सांगायला लागली होती, तर "मला जरा जुळवून घ्यावं लागतंय" एवढं म्हणताच बाबांनी पावसाचं काय, कपाशीचं काय असं विचारायला सुरुवात केली. तिला लगेच कळलं, बाबांनी पाठ फिरवली. मग तिने लहानपणचं काढलं. दुधाच्या पेल्यावरून, शाळेच्या सहलीवरून, एका मेलेल्या मांजराच्या पिलावरून. कसलं कसलं. सगळं तारीखवार लक्षात ठेवल्यासारखं तिच्या तोंडून येत होतं, आणि मधून मधून अक्काच्या तोंडी शोभतील अशा शिव्या, स्वतःच्या जन्मदात्याला.

सर बाभळीखाली उभे होते. त्यांच्या हातातली टोपली वाकडी झाली होती. मला वाटलं, हे आता खाली बसतील. पण ते तिच्याकडे बघत उभे राहिले, मान जरासुद्धा न वळवता. मध्येच हर्षदाचा श्वास संपला, तिला आपण कुठे आहोत ते दिसलं, आणि जुन्या सवयीने ती म्हणाली, "चुकलं बाबा."

"चुकलं म्हणू नको," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.  पलीकडच्या बायकांतली एक नाला ओलांडून अलीकडे आली आणि तिने हर्षदाच्या पाठीवर हात ठेवला.

हर्षदा धुळ्याला परत गेली नाही. बैठका झाल्या, माणसं आली-गेली. विहीणबाई म्हणाल्या, "ती कधी एक शबद बोलनी नही, मंग आज कसं?" सर म्हणाले, "बोलली असती तर तुम्ही ऐकलं असतं का? मीही नाही ऐकलं." कोर्टातलं प्रकरण अजून संपलेलं नाही. शेठजींनी तिला त्यांच्या पेढीवर हिशेबाला बसवलं, आणि तिच्या सासरचं माणूस तिथे येऊन धमकावू लागलं तेव्हा स्वतः उठून दाराशी उभे राहिले.

हे सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. हर्षदा घरी आली ती भांडतच. भाजीत मीठ कमी म्हणून, पेपर कुणी आधी वाचायचा म्हणून, आणि कशावरूनही सुरुवात झाली तरी शेवट तिच्या लहानपणावर. कॉलनीत लोक म्हणू लागले, चौधरी सरांच्या घरात हल्ली फार आवाज असतो. काकू हात जोडायच्या, आता पुरे गं. सर समोर बसून ऐकायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, किती दिवस?" ते म्हणाले, "लागतं हो मॅडम. फार लागतं. काही तर खोटंही असतं त्यातलं. पण आता मी उठून जाणार नाही." त्यांची तब्येत ढासळत होती, तोंडाची चव गेली होती, पण ती समोर येऊन उभी राहिली की ते पेपर घडी करून बाजूला ठेवायचे. क्वचित ती भांडता भांडता त्यांना औषधाची गोळी काढून द्यायची.

शेवटी त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि घरी यायच्या आदल्या दिवशी सर गेले. हृदय थांबलं. अंगणात माणसं जमली, जुने विद्यार्थी लांबून लांबून आले. काकूंना दोघी शेजारणींनी धरलं होतं. हर्षदा रडत नव्हती. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, शेवटी शेवटी बापलेकीचं पटत नव्हतं ना, असं कुणीतरी कुजबुजलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने सरांच्या पायावरची चादर सारखी केली, पुन्हा सारखी केली.

"मॅडम," ती म्हणाली, "माझं अजून बोलून झालं नव्हतं."